नऊ बाटल्यांचं काय करायचं?

वहिनीच्या स्वयंपाकघरात आरओची बारीक नळी सिंकवरून वळवून खालच्या बादलीत सोडलेली असते. ते पाणी फरशी पुसायला. परवा तिथेच चहा पिता पिता मी तिला इंग्लंडमधल्या यॉर्कच्या चार बायकांची गोष्ट सांगत होतो. हेलन बटर्स, जॅनेट बेनाडी, निकी डोग आणि फ्रान्सिस डेव्हिस. चौघी चाळिशी-पन्नाशीतल्या, चौघी लेकुरवाळ्या. शनिवारी सकाळी नदीवर वल्हवायला जाता जाता त्यांच्या डोक्यात अटलांटिक शिरला. डिसेंबर २०१५मध्ये कॅनरी बेटांतल्या ला गोमेराहून 'रोझ' नावाच्या होडीतून निघाल्या आणि ६७ दिवसांनी अँटिग्वाला लागल्या. शीड नाही, इंजिन नाही. दोन तास वल्ही, दोन तास विश्रांती, रात्रंदिवस. कॅन्सरग्रस्तांना आधार देणारी 'मॅगीज' ही संस्था आणि यॉर्कशायरची हवाई रुग्णवाहिका यांच्यासाठी त्यांनी निधी उभा केला.

"आणि भावजी, प्यायला पाणी?" वहिनीने नेमकं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "गाळून घेत असतील."

हे 'गाळून' माझ्या डोक्यातून जाईना.

आधी हिशोब बघा. उन्हात वल्हवणाऱ्या माणसाला दिवसाला आठ लिटर धरा. चौघी, ६७ दिवस : दोन हजार लिटरच्या वर. एवढं ओझं घेऊन होडी हलणार नाही. समुद्राचं पाणी तसंच प्यावं, तर त्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ. आपली मूत्रपिंडं लघवीतून लिटरमागे साधारण २० ग्रॅमच मीठ बाहेर टाकू शकतात. म्हणजे एक लिटर पिऊन दीड-पावणेदोन लिटर गमवायचं.

कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं ना, तेच परासरण. पातळ पडद्यातून पाणी गोड्याकडून खाऱ्याकडे ओढलं जातं. होडीवरही घरच्यासारखा आरओच असतो. आरओ म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस, उलटं परासरण : दाब देऊन ही ओढ उलटी फिरवायची. पडदा म्हणजे चाळणी नव्हे. मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पाण्याच्या रेणूंचं वेटोळं अंगाभोवती घेऊन फिरतात. ते सोडून पडद्यात शिरणं त्यांना परवडत नाही. पाण्याचे सुटे रेणू मात्र पडद्यात विरघळून पलीकडे निघतात. असा कामाचा पडदा १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि आपले श्रीनिवास सौरीराजन यांनी बनवला.

दाब किती? रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१चं, मिळवणाऱ्या व्हांट हॉफचं सूत्र : लिटरमधले विरघळलेले कण (मोलमध्ये) गुणिले वायुस्थिरांक गुणिले केल्व्हिनमधलं तापमान. समुद्रासाठी १.१ × ०.०८२ × २९८, म्हणजे सुमारे २७ वातावरण, आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या २७ पट. पावणेतीनशे मीटर उंच पाण्याचा स्तंभ! आणि दाब गुणिले घनफळ म्हणजे ऊर्जा. तेव्हा एक लिटर गोडं करणं म्हणजे कमीत कमी, लिटरची बाटली पावणेतीनशे मीटर वर चढवणं.

पण हे कागदावर. पाणी भराभर यायला हवं, म्हणून प्रत्यक्षात दाब दुप्पट ठेवतात. शिवाय होडीवरच्या यंत्रात दहा लिटर दाबाखाली घातलं तर एखादाच लिटर गोडा मिळतो. सगळंच पाणी पिळून काढायला गेलं तर उरलेलं इतकं खारट होईल की ओढ आणखी वाढेल. थोडक्यात, दहा बाटल्या साडेपाचशे मीटर वर न्यायच्या, एक प्यायची आणि नऊ वरून फेकून द्यायच्या. होडीच्या छपरावर सौरपट्ट्या त्या केवढ्याशा! त्यांच्या विजेवर ही उधळपट्टी कशी चालणार?

"मग त्या नऊ बाटल्या? फरशीला?" वहिनीने बादलीकडे बघत विचारलं.

इथे खरी गंमत आहे. पडद्यावरून परत येणाऱ्या खाऱ्या पाण्यातलं मीठ वाढलेलं असतं, दाब मात्र जवळपास तेवढाच असतो. चांगल्या यंत्रात ते थेट समुद्रात सोडत नाहीत. पंपाच्याच दट्ट्याच्या मागच्या बाजूला आणतात. ते मागून रेटतं आणि पुढच्या बाजूने नवं पाणी पडद्याकडे ढकललं जातं. रोपवेचा उतरणारा पाळणा चढणाऱ्याला वर खेचतो, तसं. मोटरला फक्त उरलेली तूट भरून काढायची. त्यामुळे लिटरमागची वीज दोन-चार वॉट-तासांवर येते. घरच्या आरओत ही सोय नसते. तिथे दाब मुळात कमी, म्हणून कोणी त्या भानगडीत पडत नाही.

  

आणि होडीवरची बॅटरीच बसली तर? त्यासाठी हाताने चालवायचा छोटा पंप मिळतो. पडदा तसाच, मोटरच्या जागी दांडी. मिनिटाला चाळीसेक वेळा हलवायची, तासभर. लिटरभरसुद्धा भरत नाही. वल्ही खाली ठेवल्यावर त्याच हातांनी.