प्रज्ञावंत बालकाचे संगोपन

आकलन, स्मृती व तर्कशक्ती यांत समवयस्कांच्या बऱ्याच पुढे असलेल्या, साधारणतः आठ वर्षांखालील मुलाची जोपासना. प्रज्ञावंत कोणास म्हणावे याविषयी एकमत नाही. १३० वा अधिक बुद्धिगुणांक (आयक्यू; सरासरी १००) ही प्रचलित मर्यादा असून तीत शेकडा सुमारे दोन मुले बसतात. अमेरिकी शिक्षणमानसतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि कामातील चिकाटी यांच्या संगमावर भर दिला. लहान मुलांबाबत हे मत अधिक ग्राह्य वाटते. मूल एकाच विषयात तासन्‌तास रमते, हे चाचणीपेक्षा घरच्यांना आधी कळते.

आल्फ्रेड बीने व तेओदोर सिमाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांची १९०५ ची बुद्धिचाचणी मुळात शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी होती. विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला (मूल ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलाइतके चाचणीत करते त्या वयाला) शारीरिक वयाने भागण्याची कल्पना मांडली. ल्यूइस टर्मन यांनी बीने चाचणीच्या १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला. खरी अडचण या भागाकारातच आहे. एका वर्षाने पुढे असलेल्या चार वर्षांच्या मुलाचा गुणांक १२५ येतो, तितक्याच पुढे असलेल्या दहा वर्षांच्या मुलाचा मात्र ११०. डेव्हिड वेक्सलर यांनी पुढे भागाकार सोडून समवयस्कांच्या सरासरीशी तुलना करण्याची पद्धत स्वीकारली. मराठी व कन्नड मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे केलेले बीने चाचणीचे अनुकूलन बहुधा १९३० नंतरच्या दशकातले असून ‘बीने-कामत’ या नावाने ते अजूनही वापरात आहे.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी काढलेला गुणांक पुढे बराच बदलू शकतो. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण येथे जपूनच वापरावी. टर्मन यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या सुमारे दीड हजार मुलांच्या पाहणीतून चाचणीत कमी पडल्याने वगळले गेलेले विल्यम शॉक्ली व लुईस अल्वारेझ हे दोघेही पुढे भौतिकीचे नोबेल मानकरी ठरले.

अशा मुलाची बुद्धी, भावना व हातांचे कौशल्य एका गतीने वाढत नाहीत. ग्रहांविषयी बारकाईने विचारणारे पाच वर्षांचे मूल खेळणे हवे म्हणून पाच वर्षांच्या मुलासारखेच रडते. ते तसे रडू द्यावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांच्या निरीक्षणानुसार १२५ ते १५५ गुणांकाची मुले इतरांत सहज मिसळतात, त्याहून फार वरची एकटी पडू लागतात. म्हणून आवडीचा जोडीदार मिळवून देणे पुस्तकांइतकेच महत्त्वाचे. पाहुण्यांपुढे पाढे म्हणवून घेणे टाळावे. एकदम वरच्या इयत्तेत घालण्याविषयी मतभेद आहेत.

महाराष्ट्रात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणासाठी ज्ञान प्रबोधिनी ही संस्था स्थापन केली. तिची प्रशाला १९६९ पासूनची. केंद्र सरकारच्या पहिल्या दोन निवासी नवोदय विद्यालयांपैकी एक १९८५-८६ मध्ये अमरावतीस निघाले. प्रशालेत पाचवीपासून, तर नवोदयात सहावीपासून प्रवेश मिळतो. त्याआधीची वर्षे मुख्यतः घराकडे आणि बालवाडीच्या ताईंकडे राहतात.