पंचांग वेगळं आणि भविष्य वेगळं, दोन्ही एकाच पुस्तकात असली तरी

ग्रहणाची वेळ मिनिटाला बरोबर येते ना, मग त्याच पंचांगातून सांगितलेलं भविष्य खोटं कसं असेल? हा प्रश्न मला ठाण्यात इतक्या जणांनी विचारलाय, त्यात इंजिनिअर पण आले आणि आमच्या बिल्डिंगमधल्या काकू पण आल्या, की एकदा नीट लिहूनच काढते. प्रश्न वेडगळ अजिबात नाहीये. ग्रहण खरंच मिनिटाला येतं. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण आठवा, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद पौर्णिमेला. रात्री ९.५७ ला ग्रहण लागणार, अकराच्या सुमाराला चंद्र पूर्ण झाकला जाणार, १.२६ ला ग्रहण सुटणार, हे कितीतरी आधी छापून आलेलं होतं आणि तस्संच झालं. आता ज्याच्या हातात असलं अचूक पुस्तक आहे तो माणूस म्हणाला की तुमचं लग्न जानेवारीपर्यंत जमेल, तर विश्वास बसणारच ना.

पण त्याच ग्रहणाचं पान पुन्हा उघडून बघा. वर वेळा दिलेल्या असतात आणि खाली लगेच वेध कधीपासून, गरोदर बायकांनी काय करायचं नाही, कुठल्या राशीला शुभ, कुठल्या राशीला अशुभ. तीच शाई, तोच टाइप, मधे साधी रेघ पण नाही. वरचा भाग गणित आहे, खालचा भाग फल आहे, आणि वरचं खरं ठरलं म्हणून खालच्याला आपोआप मार्क मिळतात. आपल्या जुन्या लोकांनी तरी हे दोन्ही वेगळं ठेवलं होतं, ज्योतिषाचे तीन स्कंध मानायचे, सिद्धांत म्हणजे गणित, संहिता म्हणजे शकुन-पाऊसपाणी असल्या सगळ्यांच्या गोष्टींचं फल, आणि होरा म्हणजे एकेका माणसाच्या जन्मपत्रिकेवरून फल सांगणं. घोळ आपण केलाय.

आधी पंचांगाचं सांगते, कारण त्याचं मला मनापासून कौतुक आहे. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं. तिथी म्हणजे काय, तर चंद्र आकाशात सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपली, अशा ३६० अंशांच्या ३० तिथी. चंद्र कधी भरभर चालतो कधी सावकाश, म्हणून एखादी तिथी १९ तासांत उरकते आणि एखादी २६ तासांपर्यंत लांबते, आणि त्यामुळेच कधी तिथीचा क्षय होतो कधी वृद्धी होते, ज्याच्यावरून दरवर्षी घरात चतुर्थी आज की उद्या हा वाद होतो. नक्षत्र म्हणजे आकाशाचा १३ अंश २० कलांचा एक भाग (६० कला म्हणजे एक अंश). यात कुणाचं मत नाही, कुणाचा स्वभाव नाही. अधिक महिना पण हिशोबानेच येतो, २०२३ ला श्रावण अधिक होता, २०२६ ला ज्येष्ठ अधिक, चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी कमी पडतं ते भरून काढायला.

आणि हे गणित आपल्या कोकणाने सांभाळलेलं आहे हे किती जणांना माहीत असतं? मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमाराला ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला आणि पुढे कित्येक शतकं लोकांनी त्यावरून पंचांगं केली. मग हळूहळू प्रत्यक्ष आकाश आणि जुनं गणित यांच्यात फरक पडायला लागला, तेव्हा केरूनाना छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारख्या माणसांनी दुरुस्त्या सुचवल्या, लोकमान्य टिळकांनी शुद्ध, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या पंचांगाचा आग्रह धरला. स्वातंत्र्यानंतर १९५२ ला शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती बसली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. म्हणजे चूक दिसली की भांडले, आकाशाकडे बघितलं आणि गणित बदललं. माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. पंचांग चुकलं तर ते चुकलं हे कळतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण चेंदणी कोळीवाड्यात नाहीतर तिकडे दिवाळे-सारसोळेला मिळेल. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, दुपारी पण आणि रात्री पण. हा अंदाज आहे, खाडीत आत आत जाल तसा वेळ पुढे सरकतो, पण होडी काढायची की नाही एवढं ठरवायला पुरतो. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पावसाळ्यात त्याच वेळी जोरदार सर आली की आपल्या सखल भागात पाणी का तुंबतं ते पण यातूनच कळतं. इथे तिथी रोज तपासली जाते, पाणी स्वतः येऊन तपासतं. चुकीची तिथी धरून कोळी माणूस एक दिवस पण काढू शकणार नाही.

आता दुसरी बाजू. तलावपाळीला फुटपाथवर बसणाऱ्या एका ज्योतिषीबुवांकडे मी बराच वेळ उभी राहून बघत होते. समोर कापड, हाताच्या रेषांचं मोठं रंगीत चित्र, भिंग, ट्रेमध्ये पाच-सहा खडे आणि कोपरे दुमडलेलं पंचांग. डिलिव्हरीचं काम करणारा एक मुलगा येऊन बसला. बुवांनी जन्मतारीख विचारलीच नाही, नाव विचारलं. नाव स वरून. नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास काढायचं कोष्टक असतं, गो सा सी सू म्हणजे शततारका, म्हणजे कुंभ. मग पंचांग उघडलं, रकान्यावरून बोट खाली आणलं आणि म्हणाले शनी मीनेत आहे, तुला साडेसाती चालू. इथपर्यंत शनी मीनेत आहे हे वाक्य पूर्ण खरं होतं. मग बोट पानावरून उचललं, मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि सुरू झाले, पैसा येतो पण टिकत नाही, जवळचाच एक जण तुझ्या वाइटावर आहे, मनात आहे ते बोलता येत नाही. दिवसभर उन्हात गाडी चालवून आलेला, महिन्याच्या शेवटी बसलेला तो मुलगा मान हलवत राहिला. ही तीन वाक्यं तिथे बसलेल्या कुणालाही लागू पडली असती, मला पण लागू पडली. १९४८ ला बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं वेगळं स्वभाववर्णन म्हणून कागद दिले आणि किती जुळतं ते विचारलं, तर त्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. कागद सगळ्यांना एकच दिला होता.

बुवांवर माझा राग नाही, पन्नास-शंभर रुपयांवर त्यांचं पण घर चालतं. एसी ऑफिसमध्ये कॉम्प्युटरवर कुंडली काढून देणारे तेच करतात आणि त्याचे हजारो घेतात. वाईट याचं वाटतं की तो मुलगा खड्याची चौकशी करून गेला.

साडेसातीचाच हिशोब करून बघा. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, आणि तुमच्या राशीच्या मागची, तुमची आणि पुढची अशा तीन राशी म्हणजे साडेसात वर्षं. गणित बरोबर. पण याचा अर्थ कधीही बघा, बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच. २०२५ च्या मार्चअखेरीला शनी मीनेत आला तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष. म्हणजे सकाळी ठाण्याहून सुटलेल्या लोकलच्या डब्यात साधारण दर चौथा माणूस साडेसातीतला. त्यातल्या कुणाचं प्रमोशन झालेलं असतं, कुणाचं लग्न, कुणाची नोकरी गेलेली, अगदी बाकीच्या तिघांसारखंच.

मंगळाचं तर याहून वाईट, कारण त्यावरून मुलींची आयुष्यं अडतात. पत्रिकेत १, ४, ७, ८, १२ या स्थानात मंगळ असला की मंगळ आहे म्हणतात. बारापैकी पाच घरं! ही घरं मोजतात ती जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून, तिला पत्रिकेत लग्न म्हणतात. आणि चोवीस तासांत बाराही राशी उगवून जातात, मंगळ मात्र त्या दिवशी आहे त्याच राशीत असतो, म्हणजे रोजच्या रोज साधारण दहा तास अशी वेळ असते की तेव्हा जन्मलेलं प्रत्येक बाळ मंगळाचं. आज पण, उद्या पण, सिव्हिलमध्ये पण आणि भारी हॉस्पिटलमध्ये पण.

राहू-केतूचं थोडक्यात सांगते. पंचांगात हे दोन बिंदू आहेत, चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा मार्ग जिथे छेदतात ते, आणि त्यांच्याशिवाय ग्रहणाचं गणित होऊच शकत नाही. भविष्यात तेच दोन बिंदू तुमच्या संसारात काड्या करणारे ग्रह होतात. एकच नाव, कामं दोन.

गणित खरं आणि फल खोटं असं दोन्ही एकाच वेळी सगळ्या देशाने बघितलेलं पण आहे. फेब्रुवारी १९६२ ला मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, अष्टग्रही, आपल्याकडचे म्हातारे लोक अजून सांगतात. ग्रह खरोखर जमले, पंचांगात होतं तसेच. जगबुडी होणार म्हणून देशभर यज्ञ झाले, लोक घाबरून बसले. काहीही झालं नाही. पण अष्टग्रहीत जगबुडी होते असं सांगणारा नियम कुणी पुस्तकातून खोडला नाही, तिथीच्या चुकीसाठी मात्र आपले पंचांगवाले वर्षानुवर्षं भांडले होते.

फल पण तपासता येतं, आणि ते महाराष्ट्रातच झालंय. २००८ ला पुण्यात जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत एक चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, त्यावरून पत्रिका केल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी ४० पाठवल्या, फक्त एवढंच ओळखा की ही पत्रिका कुठल्या गटातली. २७ जणांनी उत्तरं दिली. नुसता छापा-काटा केला तरी ४० पैकी २० च्या आसपास बरोबर येतात, यश मानायला २८ हवे होते. सगळ्यात चांगला निकाल २४ आला. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका बघितल्या, त्यांचे १०२ बरोबर. मला या चाचणीचं महत्त्व यासाठी वाटतं की त्यात कुणाची टिंगल नव्हती, ज्योतिषांना बोलावून, नियम आधी सांगून केलेलं काम होतं.

तुम्हाला घरच्या घरी बघायचं असेल तर एकच जन्मवेळ घेऊन एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन ज्योतिषांकडे जा, एक घंटाळीला, एक वाशीला. ग्रह कुठल्या राशीत ते दोघांचं जुळेल. नोकरी कधी लागेल ते लिहून घ्या आणि शेजारी ठेवून वाचा.

मग कुणी विचारतं, पंचांग वापरायचं नाही का? वापरायचं की! आपल्या ठाण्याचे दा. कृ. सोमण स्वतः पंचांगकर्ते, तेच पितृपक्ष अशुभ नसतो, खरेदी करायची तर करा असं सांगत आलेत. सण कधी, एकादशी कधी, आज आकाशात काय दिसेल, भरती कधी, यासाठी त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. माझ्या स्वयंपाकघरात पण कॅलेंडर लटकलेलं आहेच.

मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते खरं तर ऐरोलीच्या आमच्या मावसबहिणीमुळे. मुलगा बघितलेला, दोघांना एकमेकं पसंत, घरच्यांचं बोलणं झालेलं, आणि मग एकनाड निघाली, म्हणजे पत्रिका जुळवताना दोघांची नाडी एकच आली, म्हणून तिकडून नकार आला. मावशीला कुणीतरी सांगितलं होतं की एकनाड म्हणजे दोघांचा रक्तगट एक, मुलांना त्रास होतो, आणि मावशीला ते शास्त्र वाटलं. नाडी रक्तावरून ठरतच नाही, ती जन्मनक्षत्रावरून ठरते. २७ नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट, आद्य, मध्य, अंत्य. तीनच गट असल्यावर कुठलीही दोन माणसं उचला, तीनपैकी एका वेळी एकनाड येणारच. इथे पण नक्षत्र बरोबर काढलेलं होतं, गणितात काडीची चूक नव्हती, आणि त्याच्या पुढचं मुलांना त्रास होईल हे वाक्य कुठूनच आलेलं नव्हतं. नवरा-बायकोचा रक्तगट एक असला तर काही बिघडत पण नाही.

होणाऱ्या मुलांची काळजी असेल तर ती योग्य काळजी आहे, आणि तिच्यासाठी तपासणी पण आहे. थॅलेसेमियाची, म्हणजे आईवडिलांकडून मुलांकडे येणाऱ्या रक्ताच्या आजाराची. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि वाहक माणसाला स्वतःला बहुतेक वेळा काही जाणवत नाही म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत प्रमाण जास्त आहे पण आहे सगळ्यांमध्येच. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी आणि एचबी ए टू म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची तपासणी, दोन्ही साध्या रक्ताच्या तपासण्या आहेत. मावशीला मी आता एवढंच सांगितलंय की पुढचं स्थळ आलं की पत्रिका मागायची तर मागा, पण त्याच्याबरोबर दोघांचे हे रिपोर्ट पण मागा, आणि आपल्या मुलीचा आधी काढून ठेवा.