चुंगी गेली, क्षतिपूर्ती उरली

इंदूरच्या महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, विकले, तेव्हा चर्चा झाली ती त्यांना किती पट मागणी आली याची. ते फेडणार कोण, हा प्रश्न मागेच राहिला. त्याचं मूळ एका जुन्या करमाफीत आहे.

सरकारी कर्ज या शहराला नवं नाही. 1870 च्या सुमारास इथल्या होळकर दरबाराने खंडवा-इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला 1 कोटी रुपये दिले होते, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीने. पैसा अर्थातच रयतेचा.

खरी गाठ 1976 ची. महाराष्ट्रात जी जकात, ती आमच्याकडे चुंगी. त्या वर्षी मध्य प्रदेशात चुंगी उठली आणि राज्याचा प्रवेश कर आला. पालिकांचं हुकमी उत्पन्न गेलं. बदल्यात राज्य देऊ लागलं ती 'चुंगी क्षतिपूर्ती'. शब्द फसवा आहे. नुकसान भरून निघालं, असं तो ऐकून वाटतं. प्रत्यक्षात चुंगी शहराच्या व्यापाराबरोबर वाढायची आणि पालिकेच्याच हातात पडायची. क्षतिपूर्ती किती आणि कधी, हे भोपाळ ठरवतं. थकलेल्या वीजबिलांपोटी तिच्यातून परस्पर कपातही होते, उरेल ते पालिकेच्या खात्यात. नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा गेल्या, ते चांगलंच झालं. पण सूट जाहीर केली राज्याने आणि खड्डा पडला शहराच्या तिजोरीत, हे विसरता येत नाही.

2017 मध्ये प्रवेश करही जीएसटीत विरला. राज्यांना पाच वर्षं भरपाईची हमी मिळाली. 2020 मध्ये वसुली आटल्यावर या भरपाईसाठी कर्ज केंद्राने काढायचं की राज्यांनी, यावर वाद पेटला. अखेर केंद्राने काढलं. फेड जीएसटीवरच्या उपकरातून, म्हणजे ग्राहकाच्याच खिशातून. त्या भांडणात शहरांना जागाच नव्हती.

मग हे रोखे. नर्मदाकाठच्या जलूद गावाहून नदीचं पाणी सुमारे 70 किलोमीटर दूर इंदुरात चढवायला वीज प्रचंड लागते. तो खर्च कमी करायला सौर प्रकल्प, आणि प्रकल्पासाठी कर्ज, 8.25 टक्के व्याजाने. इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या निवृत्त गृहस्थांनी 10,000 चे रोखे घेतले असतील तर सुरुवातीच्या वर्षांत वर्षाला 825 रुपये व्याज त्यांच्या हाती आलं. मालमत्ता कर तेही भरतात, पण त्यातलं काही असं परत येतं. त्यांच्या भाडेकरूकडे रोखा नाही. भाड्यात मिसळलेला कर आणि पाणीपट्टी मात्र त्याच्याकडूनही वसूल होते, आणि पालिकेच्या उत्पन्नातून रोख्यांच्या व्याजाची रक्कम आधी बाजूला निघते.