डायबोरेन

बोरॉन आणि हायड्रोजन यांचे वायुरूप संयुग. रेणूत बोरॉनचे दोन व हायड्रोजनचे सहा अणू असतात. रेणुभार २७·६७, उकळबिंदू −९२·५° से.; वितळबिंदू सु. −१६५° से. वायू रंगहीन, गोडसर पण किळसवाण्या वासाचा व अतिशय विषारी आहे.

आल्फ्रेड श्टॉक यांनी १९१२ च्या सुमारास बोरॉनची हायड्राइडे (हायड्रोजनबरोबरची संयुगे) शुद्ध रूपात वेगळी करण्यास प्रारंभ केला. मॅग्नेशियम बोराइडवर अम्लाची क्रिया केल्यास मुख्यतः टेट्राबोरेन (चार बोरॉन अणूंचे हायड्राइड) मिळे. ते तापवून डायबोरेन मिळवीत. हे वायू हवेत पेट घेत असल्याने सर्व काम पाऱ्याच्या झडपा असलेल्या निर्वात काचनळ्यांत चाले. त्या पाऱ्याच्या वाफेने श्टॉक यांना दीर्घकालीन विषबाधा झाली.

संरचना : ईथेनप्रमाणे (दोन कार्बन अणू थेट एकमेकांना व प्रत्येकी तीन हायड्रोजनना जोडलेले असलेल्या संयुगाप्रमाणे) मांडणी मानल्यास सात बंधांसाठी १४ इलेक्ट्रॉन लागतात, येथे संयुजा (बंध बनविणारे) इलेक्ट्रॉन १२ च आहेत. तरीही ईथेनसदृश रचनेचा पक्ष बराच काळ प्रबळ होता. लायनस पॉलिंग यांनी एक-इलेक्ट्रॉनी बंधांची कल्पना मांडली आणि १९३७ मधील इलेक्ट्रॉन विवर्तनाचे (इलेक्ट्रॉनांच्या विखुरण्यावरून रेणूची रचना ठरविण्याच्या पद्धतीचे) निष्कर्षही त्याच बाजूचे मानले गेले. दोन हायड्रोजन अणू सेतूप्रमाणे दोन्ही बोरॉनना जोडतात, ही सूचना डिल्टाय यांनी १९२१ मध्येच केली होती. तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक श्लेसिंगर यांच्या प्रयोगांत सहापैकी चारच हायड्रोजन मिथिल गटांनी (एक कार्बन व तीन हायड्रोजन यांच्या गटांनी) बदलता आले, प्रत्येक बोरॉनवर जास्तीत जास्त दोन. उरलेले दोन हायड्रोजन वेगळ्या जातीचे असल्याचा हा बोलका पुरावा होता. लाँग्युएट-हिगिन्स व बेल यांनी १९४३ मध्ये सेतुरचनेचा सविस्तर पुरस्कार केला. पुढे अवरक्त वर्णपटाने आणि हेडबर्ग व शोमेकर यांच्या १९५१ मधील विवर्तन-मापनाने वाद मिटला.

बोरॉन व अग्रस्थ (एकाच बोरॉनला जोडलेला) हायड्रोजन यांतील अंतर सु. ११९, सेतुस्थ हायड्रोजनपर्यंतचे सु. १३३ आणि दोन बोरॉनमधील सु. १७७ पिकोमीटर आहे. चार अग्रस्थ हायड्रोजन व दोन्ही बोरॉन एका प्रतलात असतात. सेतू त्या प्रतलाच्या वर व खाली येतात. चार साध्या बंधांत आठ इलेक्ट्रॉन खर्च होतात. उरलेल्या चारांतून दोन त्रिकेंद्री बंध बनतात, म्हणजे एकेक जोडी तीन अणूंना बांधते. पिट्झर यांनी १९४५ मध्ये याच रचनेचे वर्णन ‘प्रोटॉन जोडलेला द्विबंध’ असे केले. त्रिकेंद्री वर्णन अधिक सोयीचे ठरले. ‘इलेक्ट्रॉन-न्यून’ (बंधांसाठी इलेक्ट्रॉन कमी पडणारे) हे रूढ विशेषण जपून वापरावे, कारण बंधकारक कक्षके (इलेक्ट्रॉनांच्या जागा) येथे पूर्ण भरलेली असतात.

गुणधर्म व उपयोग : दमट हवेत हा वायू सामान्य तापमानालाही पेटू शकतो. पाण्याशी तत्काळ विक्रिया होऊन बोरिक अम्ल व हायड्रोजन मिळतात. ट्रायमिथिल अमाइनमुळे रेणूचे दोन समान भाग होतात. अमोनियामुळे मात्र थंडीत असमान विभाजन होऊन आयनी संयुग बनते, आणि अमोनियासह तापविल्यास बोरॅझीन (बोरॉन व नायट्रोजन यांचे वलयी संयुग) मिळते. प्रयोगशाळेत सोडियम बोरोहायड्राइड व बोरॉन ट्रायफ्लुओराइड यांपासून हा वायू तयार करतात. अल्कीनांच्या (कार्बन-कार्बन द्विबंध असलेल्या संयुगांच्या) हायड्रोबोरीकरणासाठी, म्हणजे द्विबंधावर बोरॉन व हायड्रोजन जोडण्यासाठी, तो महत्त्वाचा आहे; या क्षेत्रातील कार्याबद्दल एच. सी. ब्राउन यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सिलिकॉनमध्ये बोरॉनची अल्प भर घालण्यासाठीही तो वापरतात.