ताप उतरला, आता बैठका कधी?

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतल्या तालमीत अठरा-एकोणीस वर्षांचं एक पोरगं पाच दिवसांच्या तापातून उठून आलं. आल्या आल्या काट्यावर उभं राहिलं. वजन दोन किलो कमी. "वस्ताद, सगळी कमाई गेली," म्हणत ते लंगोट लावायला निघालं. वस्तादांनी मनगट धरून नाडी पाहिली आणि त्याला कट्ट्यावर बसवलं. "आज नुसतं बघायचं."

पोराचा हिशेब चुकला होता. पैलवानाच्या स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात साखरेचा 400-500 ग्रॅम साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. तापात जेवण जात नाही, तेव्हा हा साठा वापरला जातो. 300 ग्रॅम साखर गेली की सोबत 900 ग्रॅम पाणी जातं. म्हणजे जवळपास सव्वा किलो इथंच उतरलं! घामाचं आणि रिकाम्या पोटाचं वेगळंच. भाकरी-भात आणि वाटीभर पांढरा रस्सा पोटात जाऊ लागला की यातलं बहुतेक काही दिवसांत भरून येतं. प्रतिकारशक्तीला लागणारी प्रथिनं बनवायला शरीर थोडा स्नायूही मोडतं. पण एकदा कमावलेली ताकद नव्यानं कमावण्यापेक्षा लवकर परत येते.

खरी काळजी हृदयाची. ताप एका अंश सेल्सिअसनं चढला की नाडी मिनिटाला साधारण 10 ठोक्यांनी वाढते. चार दिवस झोपून राहिलं की रक्तातला पातळ भाग कमी होतो, मग तेवढंच रक्त फिरवायला हृदयाला जास्त धडधडावं लागतं. वस्ताद मनगटात हेच शोधत होते. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. रोजच्यापेक्षा 10 ठोके जास्त असतील तर आणखी थांबा. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात आणि अशा वेळी जोरकस मेहनत जिवावर बेतू शकते. नुसतं नाक वाहत असेल तर हलकं अंग मोकळं करायला हरकत नाही. पण ताप, अंगदुखी, छातीत जडपणा किंवा धाप असेल तर तालमीची पायरी चढू नये. दुखणं अंगावर काढण्याचं आपल्याकडं फार कौतुक होतं, ते मला मुळीच पटत नाही.

दुसरा धोका बैठकांचा. खाली बसताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. खंड पडलेल्या स्नायूत अशानं जास्त मोडतोड होते. पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठायला गेलं, तर क्वचित स्नायूतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करतं. मांड्या सुजून लघवी काळ्या चहासारखी झाली तर तडक दवाखाना गाठायचा. म्हणून पाचशे बैठका मारणाऱ्यानं शंभरावर थांबावं आणि दोन दिवस वाट पाहावी, कारण ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळतो. जिममध्ये जाणाऱ्यांनीही निम्म्या वजनापासून सुरुवात करावी.

डेंग्यूचं वेगळं. त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट बहुधा ताप उतरताना सर्वात खाली जातात, म्हणून डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून हो म्हणेपर्यंत झोंबाझोंबी बंद.

आठव्या दिवशी पोराचे दोन्ही किलो भरून आले. हौद्यात उतरायची परवानगी मात्र वस्तादांनी आणखी तीन दिवसांनी दिली.