ऑटिस्टिक बोलणं आणि बाकीच्यांचं बोलणं: गल्लत कुठे होते?

"खिडकी उघडी राहिली वाटतं," मी म्हणाले.

"हो, उघडी आहे," भाऊ म्हणाला आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

बाहेर धो धो पाऊस, गादी भिजत होती. माझा पारा चढला. "मग उठून लाव की!" तो लगेच उठला, खिडकी लावली आणि मनापासून गोंधळून म्हणाला, "ताई, आधीच तसं का नाही म्हणालीस?"

भावाला ऑटिझम आहे, म्हणजे जग समजून घ्यायची आणि बोलायची त्याच्या मेंदूची रीतच जन्मतः वेगळी आहे, हे निदान झालं तेव्हा त्याने विशी ओलांडली होती. तोवर घरात त्याच्या वाट्याला 'उद्धट' आणि 'मुद्दाम करतो' हेच शब्द आले. आता मागे वळून पाहते तेव्हा मला आम्हा दोघांच्या बोलण्याच्या दोन रीती दिसतात. मी विनंती वाक्याच्या पोटात लपवली होती. त्याने वाक्यात जेवढं होतं तेवढ्यालाच उत्तर दिलं, आणि ते उत्तर बरोबर होतं. 'लेकी बोले सुने लागे' म्हणणाऱ्या आपल्या भाषेत सुचवून बोलणं हे शहाणपणाचं लक्षण. समोरच्याने ते ओळखलं नाही की चूक त्याची, हे आपण धरूनच चालतो.

बिगर-ऑटिस्टिक माणसं अर्थाचा बराच भार सुरावर, चेहऱ्यावर आणि प्रसंगावर टाकतात. 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा नाही. 'कसं काय?' हा प्रश्न नसतोच, ती नुसती दखल असते. बऱ्याच ऑटिस्टिक माणसांसाठी शब्द हे शब्द असतात आणि प्रश्न हा प्रश्न. कामाच्या ठिकाणी भाऊ विचारतो, "हे असं का करायचं?" त्याला कारण हवं असतं, कारण कळलं की काम नीट होतं. वरिष्ठाला त्यात आव्हान ऐकू येतं. तो "मंगळवार नाही, बुधवार होता" म्हणतो तेव्हाही कुणाला कमीपणा द्यायचा नसतो. माहिती चुकीची राहू नये, एवढीच त्याची कळकळ असते.

नजरेचंही तेच. नजर दिली नाही की लक्ष नाही, असं आपण मानतो. डोळ्यांत बघत राहणं अनेक ऑटिस्टिक लोकांना असह्य होतं, आणि नजर दुसरीकडे वळवली की ऐकायला डोकं मोकळं राहतं. उत्तराआधीची लांब शांतता म्हणजेही बऱ्याचदा विचार चालू असतो. ती भरून काढायला आपण दुसरा प्रश्न टाकतो, आणि समोरच्याला सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं.

पण सगळ्यात वाईट गल्लत दुःखाच्या वेळी होते. माझ्या मैत्रिणीचा कुत्रा गेला. ती रडत सांगत होती. भाऊ शेजारीच होता. तो म्हणाला, "माझी मांजर गेली तेव्हा मी तिची वाटी 11 दिवस उचलली नव्हती," आणि मग मांजर कशी आजारी पडली, शेवटच्या रात्री कुठे बसली होती, सगळं सविस्तर सांगितलं. मैत्रीण नंतर मला म्हणाली, "माझं दुःख बाजूला राहिलं, स्वतःचंच लावून बसला." तिला 'अगं, फार वाईट झालं' एवढं हवं होतं. त्याने मात्र स्वतःकडची सगळ्यात जवळची गोष्ट तिच्यापुढे ठेवली होती. 'तू एकटी नाहीस, मला हे आतून माहीत आहे' हे सांगायची त्याची ती रीत. ऑटिझमला आपण 'स्वमग्नता' म्हणतो. हा शब्द मला तेव्हापासून टोचतो.

ऑटिस्टिक लोकांना सहवेदना नसते, हा समज अजून सर्रास ऐकू येतो. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये 'डबल एम्पथी प्रॉब्लेम' मांडला. समजण्यातली तूट दोन्ही बाजूंनी असते, फक्त दोष एकाच बाजूला लावला जातो, असा त्याचा सारांश. 2020 मध्ये एडिंबरातल्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 8-8 जणांच्या साखळ्यांमधून एक गोष्ट पुढे सांगायला लावली. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत ती बिगर-ऑटिस्टिक साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत जास्त तपशील गळाले. 2025 मध्ये 300 हून अधिक लोकांना घेऊन केलेल्या अभ्यासात मिश्र साखळीतली ही गळती दिसली नाही, तेव्हा त्या भागावर फार जोर देऊ नये. ऑटिस्टिक साखळ्या मात्र याही वेळी मागे पडल्या नाहीत.

त्याहून मला अस्वस्थ करतो तो नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास. ऑटिस्टिक माणसाला काही सेकंद पाहून किंवा ऐकून लोकांनी त्याच्याबद्दल प्रतिकूल मत बनवलं. त्याच बोलण्याचा फक्त लेखी मजकूर दिला, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे ती माणसं काय बोलली यात खोट नव्हती. सूर, हातवारे आणि चेहरा यांवरच निकाल लागला होता. हा निकाल टाळायला कितीतरी जण दिवसभर इतरांसारखं वागण्याची कसरत करतात. त्याला मास्किंग म्हणतात, आणि घरी आल्यावर त्यांच्यात बोलायचंही त्राण उरत नाही.

हे सगळं प्रत्येक ऑटिस्टिक माणसाला जसंच्या तसं लागू नाही. कुणी बोलत नाही, टॅबवर टाईप करून किंवा चित्रं दाखवून सांगतं. कुणी श्लेष आणि कोट्यांत रमतं. आडून बोलणारेही आहेत.

आमच्या घरी दोन गोष्टी बदलल्या. मी काम सांगताना काम सांगते. आणि भाऊ विचारतो, "ताई, नुसतं ऐकू की उपाय सांगू?" परवा फोनवर मी सवयीने 'ठीक आहे' म्हणाले. जरा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "हे खरंच ठीक आहे, की विषय संपवायचं ठीक आहे?"

मी त्याला सांगितलं की दोन रात्री झोप नाही.