स्थूणा समूहातील भारविभाजन

एकाच कॅपखालील (स्थूणांची डोकी जोडणारा काँक्रीटचा ठोकळा) स्थूणांपैकी (पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरविलेले खांब) प्रत्येकीच्या वाट्याला स्तंभाचा किती भार व परिबल (मोमेंट, म्हणजे कलविणारा परिणाम) येते, हे काढण्याची रीत. कॅप पूर्णपणे दृढ, सर्व स्थूणा उभ्या व सारख्या आणि कॅपशी बिजागरीने जोडल्यासारख्या, असे गृहीत धरतात. मग एकूण भाराला स्थूणांच्या संख्येने भागायचे. त्यात परिबल गुणिले त्या स्थूणेचे समूहाच्या मध्यापासूनचे अंतर, भागिले अशा सर्व अंतरांच्या वर्गांची बेरीज, एवढे मिळवायचे किंवा वजा करायचे. परिबल दोन दिशांना असेल, तर हे पद दोनदा येते.

उदा., ६०० मिमी. व्यासाच्या चार स्थूणा १.८ मी. अंतरावर चौरसात आहेत. भार २,४०० किलोन्यूटन व परिबल ५४० किलोन्यूटन-मीटर. वर्गांची बेरीज ३.२४ येते. त्यामुळे एका बाजूच्या स्थूणांवर प्रत्येकी ७५०, तर दुसऱ्या बाजूच्या स्थूणांवर ४५० किलोन्यूटन भार येतो. स्तंभ जास्त भाराच्या बाजूला ५० मिमी. सरकला, तर जड बाजूच्या प्रत्येक स्थूणेवर आणखी सुमारे ३३ किलोन्यूटन चढतात. परिबलाचे पद सरासरी भाराहून मोठे झाले, की हलक्या बाजूची स्थूणा उपसली जाऊ लागते.

या सूत्राला एकच जनक दाखविता येत नाही. त्याचा साचा मध्यापासून सरकलेला भार पेलणाऱ्या आखूड स्तंभाच्या सूत्राचा आहे, म्हणजे मूळ फ्रेंच अभियंते नाव्ह्ये यांच्या १८२६ च्या सुमाराच्या वाकण-सिद्धांताकडे जाते. क्षेत्रफळाच्या जागी फक्त स्थूणा बसविल्या आहेत. स्थूणांना स्थितिस्थापक आधार मानून विचार करण्याचे श्रेय काही जण वेस्टरगार्ड (१९१७) यांना, तर काही नोकेनत्वेद (कोपनहेगन, १९२४) यांना देतात. तिरप्या स्थूणा व मातीचा आडवा विरोध यांचा मेळ घालणारी ह्रेनिकॉफ यांची मांडणी १९५० ची आहे. उभ्या स्थूणांचे सूत्र हे या व्यापक मांडणीचे साधे रूप समजणे अधिक सयुक्तिक वाटते.

गृहीतके जमिनीत तंतोतंत उतरत नाहीत. शेजारच्या स्थूणेमुळे माती खचते व तिच्याबरोबर आपलीही स्थूणा खचते. त्यामुळे चिकणमातीत दृढ कॅपखालील कोपऱ्यातल्या स्थूणा मधल्यांपेक्षा जास्त भार ओढतात. वाळूत ठोकलेल्या स्थूणांत मात्र मधलीच्या भोवतीची वाळू दाबली गेल्याने काही प्रयोगांत उलटे आढळले. फेल्ड यांचा जुना नियम दर शेजारणीमागे क्षमतेचा सोळावा भाग कमी धरतो, म्हणजे चौकडीत प्रत्येकीची क्षमता १३/१६ राहते. तो सोयीचा आडाखा आहे, सिद्धांत नव्हे. खडकात टेकलेल्या स्थूणांच्या लांब्या असमान असतील, तर आखूड स्थूणा अधिक दृढ ठरून जास्त भार घेते. मुंबईच्या वांद्रे–वरळी सागरी सेतूच्या ६०४ स्थूणांची खोली सुमारे ६ ते ३४ मी. आहे, अशा जागी सरसकट सरासरी धरणे धोक्याचे.

प्रत्यक्ष जागेवर खरी अडचण मोजमापाची. भोक पाडणाऱ्या यंत्राने स्थूणा नेमकी खुणेवर पडतेच असे नाही, ६०० मिमी.पर्यंतच्या स्थूणेला आयएस २९११ या भारतीय मानकात ७५ मिमी. किंवा व्यासाचा सहावा भाग, यांपैकी कमी असेल तेवढीच सूट आहे. डोके फोडून सळया उघड्या केल्यावर सर्व्हेअर पुन्हा मोजतो आणि त्या आकड्यांवर वर्गांची बेरीज नव्याने मांडावी लागते. दोन स्थूणांच्या कॅपला त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या आडव्या दिशेने तरफेचा हातच (मध्यापासूनचे अंतर) नसतो. तिथले विचलनाचे परिबल जोडतुळयांनी (टाय बीम) किंवा खुद्द स्थूणांच्या डोक्यांनी पेलावे लागते, आणि हे नकाशावर दाखवायचे बऱ्याचदा राहून जाते.

बंदरांच्या धक्क्यांखाली आडव्या भारासाठी तिरप्या स्थूणा देतात. त्या आडवा भार अक्षीय बळात (स्थूणेच्या लांबीच्या दिशेतील) बदलतात, पण भूकंपात कॅपजवळ तुटू शकतात. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात ओकलंड बंदरात तसे झाले.